पुन्नक्कडवुच्या पानाला कुलूप

८ सप्टेंबर

ओणम संपला. डब्यात केळ्याचे काप उरलेत, आणि आज रविवारच्या पुरवणीत एट्टनचा लेख आलाय. सख्ख्या मोठ्या भावाने सख्ख्या बहिणीच्या ज्ञानकोशाविरुद्ध अर्धं पान लिहिलं आहे. मथळा, ‘सगळ्यांनी लिहिलेलं, कोणीच न तपासलेलं’. माझं नाव कुठेच नाही. पण ‘काही निवृत्त शिक्षिका हल्ली नातवंडं सांभाळायच्या वयात जगाचं ज्ञान सांभाळायला निघाल्या आहेत’ हे वाक्य कोणासाठी आहे, ते पुन्नक्कडवुच्या शेंबड्या पोरालाही कळेल.

चहा संपवून तडक कुंपण ओलांडून गेले. एट्टन पडवीत आरामखुर्चीत माझीच वाट बघत बसले होते.

“एट्टा, वाचला लेख.”

“कितवा परिच्छेद आवडला, तंकमणी?”

“निवृत्त शिक्षिकांचा.”

“संपादकांनी कापला थोडा. मूळचा जास्त चांगला होता.”

मग नेहमीचं सुरू झालं. इंटरनेटवरच्या कोशात कोणीही येतो, काहीही लिहितो, खाली सही नाही, जबाबदारी नाही. “शंभर आचारी एका हंड्यापाशी उभे केलेस तर सांबारात मीठ शंभरदा पडतं,” एट्टन म्हणाले.

“आणि तुमच्याकडे एकच आचारी होता, म्हणून सतराव्या खंडाची पंगत बसलीच नाही.”

हे बोलायला नको होतं. राजधानीतल्या छापील कोशाच्या ऑफिसात एट्टननी उभं आयुष्य घालवलं. सोळा खंड निघाले, मग सरकारने हात आखडले. सतराव्याची मुद्रितं कपाटात राहिली आणि एट्टन निवृत्त होऊन गावी आले. जानकीएट्टत्ती, माझी वहिनी, कोरा चहा घेऊन आली आणि आम्हा दोघांकडे बघून म्हणाली, “दामोदरन मास्तर आणि तंकमणी टीचर, भांडण झालं असेल तर कप घ्या. माझी डाळ शिजायचीय.”

संध्याकाळी वाचनालयाचा बाबुराज आला. डिसेंबरच्या वार्षिक सभेत याच विषयावर वाद ठेवायचा म्हणतो. भाऊ एका बाजूला, बहीण दुसऱ्या बाजूला. “खुर्च्या भाड्याने आणाव्या लागतील, टीचर!” मी लगेच हो म्हटलं.

१६ सप्टेंबर

एट्टननी सकाळी सकाळी फोन केला. “तुझ्या कोशात आपल्या पुलाचं साल चुकलंय. तीन वर्षांनी.” आवाजात असा आनंद, की नातू झाला असावा.

पुन्नक्कडवुचं पान मीच लिहिलेलं. माझे यजमान चंद्रेट्टन गेल्यावर घर खायला उठायचं. शारजातून शम्सु नावाचा कोणी परका मुलगा मला रोज फोनवर शिकवायचा, टीचर, इथे दाबा, आता तिथे दाबा. त्या दिवसांत लिहिलेलं ते माझं पहिलं पान आहे. त्यात चूक निघाली म्हटल्यावर जेवण गोड लागेना. दुपारी वाचनालयात जाऊन जुनी वर्तमानपत्रं उपसली. उद्घाटनाची बातमी सापडली, फोटोसकट. पान बरोबर आहे. एट्टनच चुकले.

एट्टन कधी चुकत नाहीत! लहानपणी नद्यांची नावं उत्तरेकडून दक्षिणेकडे म्हणून घ्यायचे माझ्याकडून, एक गाळली की पुन्हा पहिल्यापासून. मी भूगोल शिकवला तो त्याच धाकाने. आज त्यांना एका बाबतीत मी गाठलं. परत येताना वाटेत मिठाई घ्यावीशी वाटली, घेतलीही.

२९ सप्टेंबर

गावाच्या पानावर कोणी निनावी पाहुणा येऊन गेला. धक्क्यावरच्या जुन्या नावाड्याबद्दल मोठा परिच्छेद घालून गेलाय. नावाड्याचं नाव अम्बु, तो पैशाऐवजी मूठभर तांदूळ घ्यायचा, गरोदर बायकांकडून काहीच घ्यायचा नाही, पूर आला की होडी उलटी करून तिच्याखाली झोपायचा.

अम्बु मलाही पुसटसा आठवतो. पण आठवण म्हणजे आधार नव्हे. कुठे छापून आलंय ते दाखवा, मग ठेवू, हा आमचा नियम. हा नियम नसता तर एट्टनची सगळी टीका खरी ठरली असती. काढून टाकलं, आणि पाहुण्याच्या नावे नेहमीची सूचना लिहिली, ‘कृपया आधाराशिवाय मजकूर घालू नये.’ नाव नाही, नुसता इंटरनेट जोडणीचा आकडा आहे, कुठल्याशा मोबाइल कंपनीचा. त्या कंपनीच्या मोबाइलवरून अर्धा जिल्हा बोलतो, शोधणार कुठे.

६ ऑक्टोबर

आज हसून हसून पुरेवाट. एट्टत्तीच्या स्वयंपाकघरात लग्न झाल्यापासून मसाल्याच्या बरण्या अक्षरांच्या क्रमाने लागतात. एट्टनचा हट्टच तसा. आमच्या भाषेच्या क्रमात आधी मेथी, मग वेलदोडा, मोहरी, जिरं, शेवटी हळद. नवी नवरी असताना एट्टत्ती यावरून रडली होती म्हणे. आज गेले तर बरण्या वाटेल तशा. हळद पहिली, जिरं शेवटी, मेथीची बरणी तर खिडकीत. आणि लावल्या कोणी, तर एट्टननी स्वतः, सकाळी.

“सुटलीस गं बाई!” मी म्हटलं. “म्हातारपणी का होईना, माणूस सुधारला.”

एट्टत्ती हसली नाही. माझ्याकडे पाठ करून पुट्टूसाठी तांदळाचं पीठ ओलं करत राहिली. तिला विनोद कळायला नेहमीच वेळ लागतो.

२१ ऑक्टोबर

सापडलं! आनंद कुठे ठेवू कळत नाही.

गेल्या आठवड्यात एट्टननी दुसरी चूक काढली होती. वाचनालयाचे पहिले अध्यक्ष चिंडन वैद्यर नव्हतेच, म्हणे, कोशात खोटं लिहिलंय. फार चिडले होते. “गावाचा इतिहास असा कोणाच्याही हाती देता तुम्ही!” आज आधाराच्या जागी दिलेलं पुस्तक काढून पाहिलं. वाचनालयाच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका. त्यात पहिलाच लेख, ‘आमचे पहिले अध्यक्ष चिंडन वैद्यर’. आणि खाली लेखकाचं नाव, पी. दामोदरन!

म्हणजे आमचा आधार खुद्द एट्टन. त्यांनीच लिहिलेलं, त्यांनीच नाकारलेलं. वादाच्या दिवशी स्मरणिका त्यांच्या हातात ठेवणार आणि म्हणणार, वाचा मोठ्याने. तोवर कोणाला सांगायचं नाही. बाबुराजला तर मुळीच नाही, त्याच्या पोटात काही राहत नाही.

मोजत नव्हते, पण आता मोजायलाच हवं. पूल, अध्यक्ष, आणि परवा शेजारच्या टेकडीचं नाव चुकले, तेही. तीनदा कोश बरोबर, तीनदा एट्टन चूक.

३ नोव्हेंबर

आमच्या पंचांगातला तुळेचा महिना निम्मा झाला, देवस्थानांतल्या तेय्यम नाचाचे ढोल लांबून ऐकू येतात. आणि इकडे आमच्या पानावर पाहुण्याचा उच्छाद. तोच अम्बु, तोच मूठभर तांदूळ. काढला की पुन्हा घालतो, शब्दही तेच, जणू आधी घातलेलं त्याला ठाऊकच नाही. आज एका दिवसात चारदा.

शम्सुचा फोन आला. त्याची रात्रपाळी असते, कोशावर पहारा तो कामावरूनच ठेवतो.

“टीचर, तुमचं भूत पुन्हा आलं होतं.”

“काढलंस ना?”

“काढलं. पण एक सांगू? बिचारा लिहितो छान हो. नासधूस करणाऱ्याला एवढे नेमके स्वल्पविराम कुठून सुचतात?”

“स्वल्पविरामाला आधार म्हणत नाहीत, शम्सु.”

“तुम्ही म्हणजे ना, टीचर, एखाद्या परीक्षकासारख्या…”

“वाद तोंडावर आलाय. त्या दिवशी कोणी पान उघडलं आणि अम्बु नाचताना दिसला, तर एट्टन मला सोलून काढतील.”

मला पानाला कुलूप घालायचा अधिकार आहे, तो मी सहसा वापरत नाही. आज वापरला. सहा महिने निनावी कोणालाही पुन्नक्कडवुच्या पानावर काही लिहिता येणार नाही. कुलूप पडायच्या आधी मिनिटभर पाहुण्याने आणखी काही घातलं होतं म्हणे, ते शम्सुने काढलं. मी उघडूनही पाहिलं नाही.

१५ नोव्हेंबर

एट्टनकडे मासळीचं कालवण द्यायला गेले होते. मुलाने बंगळुरूहून पाठवलेला तो पाटीएवढा फोन मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, “तंकमणी, तुमचं दार हल्ली आतून लावलेलं असतं का?”

“कुठलं दार?”

“सगळ्यांचं म्हणता ना? मग आत घेत नाही ते.”

हा वादातला नवा मुद्दा असणार, तालीम माझ्यावर चालली होती. मी म्हटलं, “चोरांसाठी लावतो, एट्टा. घरच्यांना उघडंच आहे.” त्यांनी फोनवर पुन्हा बोट दाबून पाहिलं.

निघताना एट्टत्तीने फाटकाशी हळूच सांगितलं, काल दुपारी ते पुलाखाली जुन्या धक्क्यावर जाऊन बसले होते. रिक्षावाल्या सुगुणनने आणून सोडलं. होडीची वाट बघतोय म्हणाले. होडी बंद होऊन पुलाएवढीच वर्षं झाली.

मनात काहीतरी लख्खकन चमकलं आणि मी ते बाजूला केलं. “वादासाठी गोष्टी जमवत असतील,” मी म्हटलं. “लोकांना रडवायचं असेल सभेत.” एट्टत्ती म्हणाली, “असेल.” पण तिने माझा हात सोडला नाही लवकर.

२१ डिसेंबर

जिंकले.

२२ डिसेंबर

काल एवढंच लिहून पेन ठेवलं. आज सगळं लिहायलाच हवं.

वाचनालयाचं अंगण भरलेलं होतं. खरंच भाड्याच्या खुर्च्या आणल्या होत्या. एट्टन पांढरंशुभ्र मुंडू नेसून, खांद्यावर घडीचा पंचा. सुरुवात छान केली. एकेका नोंदीसाठी माणूस महिना महिना कसा झटायचा, पुस्तकाखाली नाव असलं की कशी भीती असते, आणि भीती असली की माणूस कसा नीट लिहितो. टाळ्या पडल्या. मग पुन्हा तीच गोष्ट सुरू केली. त्याच शब्दांत. लोकांना वाटलं, जोर देण्यासाठी. तिसऱ्यांदा सुरू केली तेव्हा मागच्या बाकांवर खुसखुस झाली आणि बाबुराजने घंटी वाजवली.

मी उभी राहिले. मला काय काय येतं ते सगळं बोलले. आमच्याकडे चूक लपत नाही, कोणीही बोट ठेवू शकतो. मोठ्या नावाला आम्ही भुलत नाही, आधार मागतो. आणि आमच्याकडे पुसलेलंही पुसलं जात नाही. पानाच्या मागे त्याचा इतिहास राहतो, कोणी काय लिहिलं, कोणी काय काढलं, सगळं. छापील पुस्तकात कापलेला मजकूर कुठे जातो? कचऱ्यात. आमच्याकडे तो थांबून राहतो. टाळ्या, टाळ्या.

मग मी स्मरणिका काढली. एट्टनच्या हातात दिली. पान उघडून दिलं, नावावर अंगठा ठेवून.

एट्टननी चष्मा लावला. सावकाश वाचलं. वाचून झाल्यावर मान वर करून म्हणाले, “चांगलं लिहिलंय. तपासून लिहिलंय. कोण हा? याला विचारा, याला माहीत असेल.”

अंगणात एकच हशा पिकला. काय हजरजबाबी माणूस! बाबुराज तर टेबलावर थापा मारत होता. मीही हसले. हसता हसता एट्टनच्या डोळ्यांकडे बघितलं. ते हसत नव्हते. लोक का हसताहेत हे माझ्या तोंडावरून कळतंय का, ते बघत होते, नद्यांची नावं गाळल्यावर मी त्यांच्याकडे बघायची, तसे.

मग त्यांनी ध्वनिक्षेपक स्वतःकडे ओढला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, “मी अम्बुबद्दल लिहिलं होतं. ते राहत नाही. पुन्हा लिहिलं. आता दार लावून घेतलंय. माझ्याकडे वेळ कमी आहे, कोणीतरी उघडा.”

पुन्हा टाळ्या. लोकांना वाटलं, समारोप झाला.

निकाल माझ्या बाजूने लागला. ताम्हण आणि शाल मिळाली. एट्टननीच माझ्या खांद्यावर घातली शाल, नीट सारखी केली, आणि विचारलं, “टीचर, आपण कुठल्या शाळेत?”

४ जानेवारी

मंगळूरला डॉक्टरांना दाखवून आणलं. बंगळुरूचा मुलगा आला होता. डॉक्टर म्हणाले, हा विसरण्याचा आजार सुरू होऊन वर्ष तरी झालं असेल. घरी कोणाच्या लक्षात नाही आलं? एट्टत्ती माझ्याकडे बघत होती.

परतताना गाडीत, एट्टन पुढे झोपले असताना, ती बोलली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी तशा आवाजात बोलली.

“माझ्या लक्षात आलं होतं, तंकमणी. बरण्या त्या दिवशी तू गेल्यावर मीच परत क्रमाने लावल्या. त्यांच्या लेखातलं चुकलेलं साल मीच पुरवणीवाल्यांना फोन करून दुरुस्त करून घेतलं. मी चुका झाकत होते. तू मोजत होतीस.”

मी खिडकीतून बाहेर बघत रडले, घर येईपर्यंत.

७ जानेवारी

आज पानाचा इतिहास उघडला. सप्टेंबरपासून एकेक ओळ आहे तिथे, मी काढलेली, शम्सुने काढलेली. आता वाचताना प्रत्येक वाक्यात एट्टनचा आवाज येतो. ‘मूठभर तांदूळ, तोही मागून नव्हे’ असं आणखी कोण लिहिणार? मी त्यांचं अक्षर न् अक्षर ओळखते असं सांगत फिरायची. त्यांनाच सूचना पाठवली मी, तीही छापील, कृपया आधाराशिवाय मजकूर घालू नये.

सगळ्यात शेवटी, कुलूप पडायच्या मिनिटभर आधीचा मजकूर. हा मी पाहिलाच नव्हता.

‘धक्क्यावर उंडीचं मोठं झाड होतं. एकदा एक सात वर्षांची मुलगी भावाच्या पाठोपाठ धक्क्यापर्यंत आली. भावाला पलीकडे मुलाखतीला जायचं होतं. त्याने तिला झाडाखाली बसवलं आणि सांगितलं, इथून हलू नकोस, मी येतो. मुलगी हलली नाही. संध्याकाळी’

तिथेच संपतं. पुढे पूर्णविरामही नाही.

शम्सुला फोन केला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, “टीचर, परत घाला तुम्ही ते. मी बघितलंच नाही असं समजेन. अख्ख्या कोशात एक परिच्छेद, कोणाचं काय बिघडतंय?”

मी कुलूप काढलं. मजकूर मात्र परत घातला नाही. घालायला बोट पुढे गेलं होतं. पण उद्या कोणी विचारलं याला आधार काय, तर? आणि तसं विचारायला मला शिकवलं कोणी? आज मला माझ्या कोशाचा पहिल्यांदाच राग आला, आणि तो टाकवतही नाही. पुसलेलं थांबून राहतं, असं मी शाल घ्यायच्या आधी ऐटीत म्हणाले होते. थांबलेलं आहे खरं. तेवढ्यासाठी तरी त्याचे उपकार मानायला हवेत.

१२ जानेवारी

तो परिच्छेद कागदावर उतरवून दुपारी एट्टनकडे गेले. पडवीत बसले होते. आज मला ओळखलं नाही, पण बस म्हणाले. एट्टत्ती आत मासे साफ करत होती.

मी वाचून दाखवलं, ‘संध्याकाळी’पर्यंत. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मुद्रितं ऐकायचे तसे, बोट खुर्चीच्या हातावर टेकवून.

“याला आधार काय?” त्यांनी विचारलं.

“ती मुलगी मीच, एट्टा.”

“मग तर मुळीच चालणार नाही. स्वतःबद्दल स्वतः सांगितलेलं धरत नाहीत.”

आमचाच नियम. वर्षानुवर्षं या नियमाची त्यांनी टर उडवली होती. मी कागदाची घडी घातली. मग ते एकदम वळले, थोडे घाबरल्यासारखे.

“पण त्या मुलीचं काय झालं? संध्याकाळी?”

“भाऊ आला. शेवटच्या होडीने.”

“नक्की?”

“नक्की. खिशात तिच्यासाठी गोळ्या होत्या, अम्बुने त्या दिवशी त्याच्याकडून तांदूळ घेतले नाहीत, नोकरी लागली म्हणून. तिला खांद्यावर बसवून घरी आणलं.”

“तोवर ती तिथेच होती?”

“हललीच नाही.”

त्यांनी मान हलवली. मनातल्या मनात वाक्य जुळवून पाहिलं असावं, ओठ हलत होते. “मग तेवढं ठेव,” ते म्हणाले. “भाऊ आला, एवढंच. बाकीचं कापलंस तरी चालेल.”

आणि परत डोळे मिटले. एट्टत्ती दिवा लावायला बाहेर आली, तोपर्यंत मी तिथेच बसून होते.